सिद्रामप्पांच्या घरची गळती

"तुम्ही उलटं वाचताय."

जगदेवीच्या हातून मीटरच्या पेटीचं लोखंडी झाकण निसटलं आणि ठण्णकन वाजलं. मार्चची सात तारीख होती, सकाळचे नऊ वाजले होते, आणि बाळीवेशीजवळच्या त्या गल्लीत पायरीचा दगड आत्ताच चटके देत होता. पदर खोचून, गेल्या महिन्याचं पाण्याचं बिल हातात धरून ती त्या पेटीशी उकिडवी बसली होती. तिनं वर पाहिलं. सायकल धरून एक तरुण उभा होता. खाकी कोट, काळी टोपी, आणि खिशात तीन पेन्सिली... तिन्ही सारख्याच लांबीच्या.

"मी उलटं वाचतेय, तर तुमचं ऑफिस सुलटं वाचतंय का?" ती म्हणाली. "अप्पा तीन दिवस ओरडतायत. महिन्याला सहा हजार गॅलन पाणी आम्ही काय प्यालो?"

"प्यालात कुठं? वापरलंत." त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि तोही खाली बसला. हातभर अंतर राखून. "ही चार चक्रं बघा. शेजारशेजारच्या चक्रांचे काटे एकमेकांच्या उलट दिशेनं फिरतात. दुसऱ्या चक्रावर तुम्ही आठ वाचलंत, बरोबर? तो काटा आठाच्या जवळ आहे, पण अजून तिथं पोचलेला नाही. मध्ये असला की लहान आकडा घ्यायचा. सात."

"म्हणजे एका आकड्यानं हजाराचा फरक."

"हजाराचा." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "हे आपणहून कळायला आमच्या ऑफिसात लोकांना वर्ष लागतं."

जगदेवी मराठी शाळेची फायनल पास झाली होती आणि गणितात तालुक्यात दुसरी आली होती. पहिला कोण आला होता ते तिला अजून पाठ होतं आणि अजून आवडत नव्हतं. तिनं बिलावर बोट ठेवलं.

"आणि ही खालची रक्कम? सांडपाण्याची पट्टी. सांडपाण्याला तर मीटर नाही."

"जितकं पाणी आत गेलं त्यातलं बरंचसं मोरीतून गटारात येतं असं धरतात, आणि त्यावर आकारतात."

"मागच्या परसात आमची मोगऱ्याची नऊ झाडं आहेत. रोज दहा घागरी पाणी पितात. ते कुठं गटारात येतं? त्याची पट्टी कशाला?"

त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "हा प्रश्न कुणी विचारला नव्हता."

"मग उत्तर?"

"सात एप्रिलला घेऊन येतो की."

तो पुण्याहून बी.एस्सी. झालेला होता, साफ पुस्तकी बोलत होता. पण तो 'की' खास सोलापूरचा होता. त्याचं नाव रेवणसिद्ध हत्तुरे, गाव वळसंग, पाणीखात्यात नवा लागलेला आणि अविवाहित, हे सगळं जगदेवीला दुपारपर्यंत कळलं. तिनं कुणाला विचारलं नव्हतं. तिची आत्या निंगव्वा हिनं सगळ्यांना विचारलं होतं.

सात एप्रिल यायला एकतीस दिवस लागले. त्या सकाळी जगदेवीनं इरकली नेसली, ती उगाचच, आणि मोगऱ्याचा गजरा माळला, तोही उगाचच. तो आला. झाडांच्या पाण्यासाठी अर्ज करता येतो, असं उत्तर त्यानं आणलं होतं. अर्जाचा मसुदाही स्वतःच लिहून आणला होता. अक्षर सुरेख होतं. तिला एवढंच म्हणता आलं, "बरं." तो म्हणाला, "बरं, मग..." आणि शेजारच्या घरात गेला.

शेजारचं घर नीलावतीचं. नीलावती गोरी. नीलावतीला पेटी वाजवता येत होती. नीलावती हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं, आणि त्या सकाळी ती हसली. "मलाबी शिकवा की मीटर वाचायला," हे वाक्य भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू आलं. जगदेवीनं माजघरातल्या घड्याळाकडे पाहिलं. आमच्याकडे चार मिनिटं. तिच्याकडे सतरा.

चार आणि सतरा. भाकरी थापताना, केस विंचरताना, देवापुढं दिवा लावताना हे दोन आकडे तिच्या मागंमागं फिरू लागले. सतरा मिनिटांत काय काय होऊ शकतं? एक कप चहा होतो. पेटीवर एक पद होतं. एका माणसाच्या डोळ्यांत दुसऱ्या माणसाला बघायला तर सतरा मिनिटं फारच झाली.

"अग्गं, ती भाकरी जळाली," निंगव्वा म्हणाली.

"जळू दे."

"व्हय. वास यायलाय मला, कशाकशाचा."

तेव्हा जगदेवीनं विचार केला. मीटर वाचायला माणूस महिन्यातून एकदा येतो. पण मीटर अचानक जास्त पळू लागलं, तर? तर जमिनीखाली नळी फुटली असेल अशी शंका येते, आणि तपासाला माणूस पुन्हा पुन्हा येतो. हे त्यानंच पायरीवर बसून सांगितलं होतं. मागच्या परसात धुण्याच्या दगडामागं एक नळ होता. दुपारी घर झोपलं की ती तो किंचित सोडायची. पाण्याची धार करंगळीपेक्षा बारीक, आवाज न करणारी. तीन तास तसाच सोडायचा, मग बंद करायचा. रोज.

सात मेला मीटरनं नऊ हजार गॅलन दाखवले. रेवणसिद्धनं दोनदा वाचलं, पेन्सिल बदलून तिसऱ्यांदा वाचलं. "गळतीचा संशय," तो म्हणाला आणि वहीत लिहिलं. "मला दर बुधवारी दुपारी यावं लागेल."

"लागेल तर या," जगदेवी म्हणाली, आणि आत जाऊन दाराआड पाच मिनिटं नुसती उभी राहिली.

पण झालं भलतंच. बुधवारी तो यायचा. "घरातले सगळे नळ बंद करा," म्हणायचा. ती दगडामागचा सोडून सगळे बंद करायची आणि "केले" म्हणायची. मीटरचा बारीक काटा सरकतच राहायचा. त्याकडे बघत तो "हं" म्हणायचा, खिशातलं घड्याळ काढायचा, आणि – नीलावतीच्या घरात जायचा. पंधरा मिनिटं, कधी वीस. सायकल मात्र जगदेवीच्या दारात. म्हणजे ऊन लागू नये म्हणून सायकल हितं, आणि माणूस तितं. बाहेर आल्यावर पुन्हा आमच्या मीटरपाशी वाकायचा, धोतराचा काचा नीट करत असावा, आणि जायचा.

पहिल्या बुधवारी तिला वाटलं, काहीतरी काम असेल. दुसऱ्या बुधवारी ती सबंध संध्याकाळ नीलावतीशी बोलली नाही. नीलावतीनं भिंतीवरून हाक मारून शेंगाची चटणी मागितली, तर म्हणाली, "संपली." चटणीची बरणी काठोकाठ भरलेली होती. रात्री तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यानंतर पुन्हा राग आला. मी पाणी सोडायचं, मी बोलणी खायची, आणि सावलीत बसून चहा हिनं पाजायचा?

बोलणी खरोखरच बसत होती. अप्पांचं, म्हणजे सिद्रामप्पांचं, सुताचं दुकान होतं आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. मंगळवारी जेवताना त्यांनी ताट पुढं सारलं. "आता बास. उद्या त्या पोराला गळती सापडली तर ठीक. न्हाय तर नळच तोडायला सांगतो. आडाचं पाणी काय वाईट होतं?"

नळ नाही म्हणजे मीटर नाही. मीटर नाही म्हणजे कधीच नाही... सात तारीख नाही, बुधवार नाही. जगदेवीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

बुधवारी तो नेहमीसारखा आला, "हं" म्हणाला, आणि घड्याळ काढून नीलावतीकडे वळला. या वेळी मात्र जगदेवी थांबली नाही. जिना चढून ती माळवदावर गेली. माती तापलेली, अनवाणी पाय भाजत होते, पण कळत नव्हतं. कठड्याशी वाकून तिनं शेजारच्या परसात पाहिलं.

चहा नव्हता. पेटी नव्हती. नीलावती लांब ओसरीत शेंगा फोडत, जांभया देत बसली होती. आणि परसाच्या पार टोकाला, दोन्ही घरांच्या मोऱ्या जिथं गटाराला मिळतात तिथं, रेवणसिद्ध हत्तुरे बी.एस्सी. कोट काढून, बाह्या सारून, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातानं रॉकेलचा रिकामा डबा धरून बसला होता. जगदेवीच्या घरच्या मोरीच्या तोंडाखाली.

ती खाली कशी आली आणि नीलावतीच्या परसात कशी पोचली, ते तिला नंतर आठवेना.

"हे काय चाललंय?"

"श्श. आणखी एक मिनिट." तो घड्याळावरची नजर न काढता म्हणाला. मग आवाज ओळखून एकदम उठला, आणि डबा कलंडला. "गेलं... दीड डबा झालाच होता पण. दहा मिनिटांत दीड डबा, म्हणजे सहा गॅलन. तिन्ही बुधवारी सहा. तुमच्या मीटरवरही दहा मिनिटांत सहाच जातात."

जगदेवीची नजर कलंडलेल्या डब्यावर गेली. गणित तिला येत होतं.

"जमिनीखाली नळी फुटली असती," तो हळूच म्हणाला, "तर पाणी मातीत मुरलं असतं. मोरीतून असं नितळ आलं नसतं. जेवढं आत जातंय तेवढंच बाहेर येतंय. गळती नाहीच. कुणीतरी नळ सोडतंय."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"पहिल्या बुधवारपासून."

"मग पुढचे दोन बुधवार कशाला मोजलं?"

तो कानापर्यंत लाल झाला, आणि पुण्याचं सगळं पुस्तकी मराठी त्याला सोडून गेलं. "अहवाल लिवला असता तर काम संपलं असतं की. मग कशाला येनार होतो मी?"

ओसरीतून नीलावतीचा आवाज आला. "एकदाचं बोलला बाई. जगू, तुला सांगते, पहिल्यांदा आला तेव्हा आईनं दोन कप चहा पाजला. लग्न न झालेल्या कुणालाबी पाजती ती. मला वाटलं, आता माझ्याबद्दल काय विचारतो. तर विचारतोय काय, शेजारच्यांच्या परसात मोगऱ्याची खरंच नऊ झाडं आहेत का? आणि त्यानंतर दर बुधवारी नुसतं गटार. तुझी चटणी संपली नव्हती ना?"

"नव्हती," जगदेवी म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी हसली. पण लगेच गंभीर झाली. "उद्या अहवाल द्यावा लागेल तुम्हाला. न्हाय तर अप्पा नळ तोडतील."

"द्यावा तर लागेल. पण त्यात नळ घरातून सोडला जातो असं लिहिलं, तर तुमचं..." तो अडखळला. "आणि खोटं लिहिलं तर... मी अजून चुकीचा आकडा लिहिलेला नाही. 'तपास चालू' लिहिलं, ते खोटं नव्हतं. तपास चालूच होता."

"खरं लिहा," ती म्हणाली. "तुमचा कागद यायच्या आधी मी सांगते."

सांगणं सोपं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला सिद्रामप्पा बसले, तिनं भाकरी वाढली, आणि वाढतावाढताच म्हणाली, "अप्पा, गळती न्हाय. पाणी मी सोडत होते."

त्यांचा हात ताटात थांबला. "का?"

तिनं भाकरीची टोपली उगाचच सरळ केली. निंगव्वानं ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"सिद्रामा, नळ तोडून काय होनार हाय? नळ ऱ्हाऊ दे. पोरीला उजव. पाणी आपोआप थांबतंय बघ."

सिद्रामप्पांनी बहिणीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. जगदेवी मान खाली घालून मिठाचा एकेक खडा मोजत होती.

"तो पेन्सिलीवाला?" त्यांनी विचारलं.

"हौदु," निंगव्वा कानडीत 'हो' म्हणाली, कारण पक्की गोष्ट ती कानडीतच सांगे. "वळसंगचा. चांगल्या घरचा. चुलता चनमल्लप्पा. मी समदं विचारलंय."

"तीन हजार गॅलन," सिद्रामप्पा पुटपुटले, आणि पुन्हा जेवू लागले. जरा वेळानं म्हणाले, "चुलत्याला बोलवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायला रेवणसिद्ध आला तेव्हा सिद्रामप्पा ओसरीत बसले होते. त्यांनी कागद सावकाश वाचला, चुलत्याची चौकशी केली, आणि चष्मा शोधायच्या निमित्तानं आत गेले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

जगदेवी दाराशी उभी होती. त्यानं कोटाच्या आतून दुसरा कागद काढला.

"हा ऑफिसात द्यायचाय. नात्यातल्या घरचं मीटर आम्ही वाचायचं नसतं, असा नियम आहे. म्हणून ही गल्ली दुसऱ्याला द्या, असा अर्ज."

तिनं वाचलं. 'सदर गल्लीतील एका घराशी माझी सोयरीक जुळण्याचा संभव असल्यामुळे...' अक्षर नेहमीसारखं सुरेख. पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही.

"एका घराशी? कुठल्या? गल्लीत मीटरची अकरा घरं आहेत."

"मीटर नंबराची जागा मोकळी ठेवलीय."

"का?"

"तुम्हाला विचारलं नव्हतं. न विचारता आकडा लिहायचा नसतो." त्यानं खिशातून पेन्सिल काढून पुढं केली.

ती पेन्सिल घेऊन थांबली. "नीलावतीचं मीटर मग कोण वाचणार?"

"महिपती म्हणून आहेत. साठी आलीय. चहा पीत नाहीत."

"आणि तुम्हाला कुठली गल्ली मिळणार? तिथं कोण कोण राहतं?"

"गिरणीच्या पलीकडची. सगळी गोदामं आहेत."

"नक्की?"

"मोजून आलोय."

तेव्हा कुठं जगदेवीनं कागद दाराच्या फळीवर धरला आणि चार आकडे लिहिले. ते तिला तोंडपाठ होते. शेजारच्या नीलावतीच्या घराच्या नंबरात आणि या नंबरात शेवटच्या एकाच आकड्याचा फरक आहे, हेही तिला पाठ होतं. म्हणून तो शेवटचा आकडा तिनं दोनदा गिरवला.