कानशीची खूण

इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्ब्युरेटर उघडण्याआधी चिमटी टेबलावर पांढरं फडकं अंथरायची. स्क्रू, जेट, सुई, फ्लोट, जो भाग जसा निघेल तसा त्या फडक्यावर ओळीने मांडायचा, ही बाबांची शिस्त. बाबा गेले, फडकं राहिलं. लहानपणी तिच्या हातात सदा बाबांचा चिमटा असायचा, म्हणून दादाने तिला चिमटी नाव ठेवलं होतं. आता तिचे केस पिकायला लागले होते, पण घरात नाव तेच होतं.

जुन्या मोटारींचे शौकीन घराशेजारच्या तिच्या दुकानात लांबून लांबून यायचे. गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. आतला कुठला भाग कारखान्यातून आला तेव्हाचा आणि कुठला नंतर बसवलेला, हे सांगणारे थोडे. चिमटी गिऱ्हाइकाला भिंग द्यायची आणि लहान मुलाला समजवावं तसं समजवायची.

"हा जेट बघा. इवलंसं पितळी बोंड, मधून पेट्रोल जायला भोक. ओरिजिनलवर आकडा हाताने ठोकलेला असायचा, म्हणून जरा कललेला. आता हा डुप्लिकेट. कसा ताठ आहे बघा, परेडला उभा असल्यासारखा! खरी वस्तू थोडी वाकडी असते, साहेब. नक्कल फार नीटनेटकी असते, आणि तिथंच ती सापडते."

बाबांची स्वतःचीही एक खूण होती. बदली भाग बसवला, की त्याच्या न दिसणाऱ्या कडेवर ते कानशीने एक बारीक तिरकी खाच पाडत. उद्या दुसऱ्या कुणी उघडलं तर त्याला कळावं, हा मूळचा नाही. बाबांचं एक बोट आखडलेलं होतं. त्यामुळे प्रत्येक खाच शेवटाला किंचित वळायची. तसं वळण दुसऱ्या कुणाला कधी जमलं नाही. चिमटीनेही करून पाहिलं होतं.

दादा परत आला, तेव्हा ती अशीच फडक्यावर वाकलेली होती.

आधी आवाज आला. इंजिनाचा तो खोल, घसा खाकरल्यासारखा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. फाटकातून बाबांची हिरवी गाडी आत आली. पुष्कळ वर्षांपूर्वी बाबांशी भांडून दादा हीच गाडी घेऊन निघून गेला होता. त्यानंतर ना फोन, ना निरोप. त्याची वाट बघता बघताच बाबा गेले होते. आई अजून रोज त्याची खोली झाडत होती.

"चिमटे, टेबल अजून तिथंच?" दारात उभा राहून दादा म्हणाला.

आई भिंत धरत धरत बाहेर आली. तिला नीट दिसत नव्हतं आणि गुडघे तर केव्हाच कामातून गेले होते. तिने दोन्ही हातांनी दादाचा चेहरा चाचपला.

"वाळलास रे."

"कुठं वाळलो? होतो तेवढाच आहे, आई."

खरंच होता. अगदी तेवढाच. आनंदाच्या भरात चिमटीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

जेवताना मात्र तिचं लक्ष गेलं. लहानपणी पान्यावर तोंड आपटून दादाच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. आता दात सबंध होता.

"दात करून घेतलास?"

"कुठला दात?" दादाचा घास थांबला. मग तो हसला. "हां, तो. घेतला करून."

दात काय, कुणीही बसवून घेतं. चिमटीने स्वतःची समजूत घातली. पण तिची नजर पुन्हा पुन्हा त्याच्या भांगाकडे जात होती. पट्टी धरून आखावा तसा सरळ भांग. दादाचा भांग जन्मात सरळ पडला नव्हता. त्यावरून बाबा त्याला म्हणायचे, "तुझ्या डोक्यावरच्या रस्त्याचं कंत्राट कुणाला दिलंय रे?"

"उद्या आईला फिरवून आणतो," दादा म्हणाला. "पुलापलीकडे. मोकळी हवा लागली की बरं वाटेल तिला."

"नेशील खरंच?" आईचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "नेशील ना?"

आईला पाठवू नये, असं चिमटीला वाटलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. आईला काय म्हणायचं? तुझ्या मुलाचा भांग सरळ आहे, म्हणून जाऊ नकोस?

माणूस खरा की खोटा, हे बघायला तिच्याकडे भिंग नव्हतं. गाडीसाठी होतं. त्या हिरव्या गाडीचा कार्ब्युरेटर म्हणजे बाबांचा अभिमान. "आत फक्त फ्लोटची सुई मी बदललीय," ते येईल त्याला सांगायचे, "बाकी सगळं कारखान्याचं." म्हणजे आत एकच खाच सापडायला हवी. तशी सापडली तर गाडी खरी. आणि गाडी खरी, तर दादा खरा.

"जाण्याआधी कार्ब्युरेटर साफ करून देते," ती सकाळी म्हणाली. "किती वर्षांचा गाळ असेल आत."

"काढ की." दादाने स्वतः बॉनेट उचलून धरलं. "सगळं काढ."

कार्ब्युरेटर हातात घेऊन ती दुकानात आली, तेव्हा तिला जरा हायसं वाटलं. हा टेबलावर आहे तोवर गाडी जागची हलत नाही. आई घरात आहे. घाई करायची नाही.

तिने फडकं अंथरलं. धातूचं राखाडी अंग तिने भिंगाखाली धरलं. साच्याची पुसट रेघ जिथे हवी तिथे होती. जेटवरचा आकडा कललेला होता. पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या पितळी सांध्यावर हाताने झाळल्याचा ओबडधोबड थेंबही होता. मग तिने चिमट्याने सुई उचलून उलटी केली.

खाच. तिरकी, बारीक. शेवटाला वळलेली.

तिचे डोळे भरून आले. बाबाच ते. उगाच संशय घेतला आपण. माणूस बदलतो, दात बसवतो, भांग नीट पाडायला शिकतो.

केवळ सवयीने तिने जेटही उलटा केला.

खाच.

तिने फ्लोट बघितला. झाकण बघितलं. एकेक स्क्रू चिमट्यात धरून फिरवला. सगळ्यांवर खाच होती, आणि प्रत्येक खाचेला तेच वळण. बाबांशिवाय कुणाला न जमलेलं.

पितळ जुनं, काळपट. खाच मात्र आतून पिवळीधमक.

ती मागे सरली. बाबांची कानस भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. तिच्यावर धुळीचा जाड थर होता. कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं.

तिने खाली पाहिलं. पांढऱ्या फडक्यावर पितळेचा बारीक कीस पडला होता. तिने जेटला हात लावला. नुकताच घासून ठेवल्यासारखा तो ऊबदार होता.

बाहेर गाडी सुरू झाली.

तोच आवाज. खोल, घसा खाकरल्यासारखा.

चिमटीने फडक्याकडे पाहिलं. सुई होती. जेट होता. फ्लोट, झाकण, स्क्रू, सगळं जिथल्या तिथे होतं.

"आई!"

ती धावली. गाडी फाटकाबाहेर पडत होती. पुढच्या सीटवर आई बसली होती, ठेवणीतली शाल पांघरून. तिने काचेतून हात हलवला. दादाने वळूनही पाहिलं नाही. कोपऱ्यापर्यंत धावून चिमटी थांबली. रस्त्यावर धूर नव्हता. पेट्रोलचा वाससुद्धा नव्हता.

ऊन कलल्यावर गाडी परत आली.

दाराचा आधार न घेता आई उतरली आणि भराभर पायऱ्या चढली.

"बरी आहेस ना? कुठं नेलं होतं त्याने?"

"अगं, किती घाबरलीस! पुलापलीकडे. छान वाटलं बघ." आईने शालीचा उसवलेला काठ पाहिला, सुई-दोरा मागून घेतला आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. "विंचरून देतेस ना? वाऱ्याने केस विस्कटलेत."

रोज संध्याकाळी चिमटी आईचे केस विंचरायची. तिने फणी घेतली, केस मोकळे केले. भांग आपोआप पडला. सरळ.

तिने कानामागची बट उचलली.

रक्त नव्हतं. सूज नव्हती. कानाच्या मागच्या कडेवर एक बारीक, कोरडी खाच होती. तिरकी. शेवटाला वळलेली.

"थांबलीस का गं?" आईने विचारलं. आवाज आईचाच होता. माया पण तीच. "उद्या तुला नेणार आहे तो. दुकान आवरून ठेव म्हणाला. फडकं तेवढं राहू दे म्हणाला."

चिमटीने मान वर केली. दादा अजून घरात आला नव्हता. दुकानाकडून हळू, सावकाश आवाज येत होता. कुणीतरी कानस चालवत होतं. आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ती किंचित अडत होती, आखडलेल्या बोटाने धरल्यासारखी.