दुसऱ्याच हाताला हुकूम

बावन्न पानं, चार खेळाडू, प्रत्येकाला तेरा. रंगही चार आणि प्रत्येक रंगाची पानंही तेराच. म्हणजे प्रत्येकाकडे प्रत्येक रंगाची तीन-चार पानं यायला हवीत की नाही? मग माझ्या आजोबांच्या वाट्याला एकही इस्पिक येत नाही, हे कसं? आणि पुढच्याच डावात समोरच्याकडे सात बदाम एकदम? एकदा झालं तर नशीब म्हणून सोडून देऊ. पण महिनाभर हेच चाललं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं.

मी केतकी नारखेडे, इयत्ता सातवी, राहणार सिग्नल कॉलनी, भुसावळ. माझे आजोबा यार्डात मालगाड्या जोडायचं काम बघायचे. पन्नास-पन्नास डब्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ असायचे, तिथे बावन्न पत्त्यांची काय कथा! कॉलनीच्या कट्ट्यावर चाळीस वर्षं मेंढीकोटचे राजे तेच.

ज्यांना मेंढीकोट येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोघे विरुद्ध दोघे. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात (म्हणजे एक फेरी) होतो. जो रंग उतरला तोच सगळ्यांनी टाकायचा. ज्याच्याकडे तो रंगच नाही त्याने दुसरं कुठलंही पान टाकायचं, आणि टाकताना तो 'हुकूम' म्हणाला तर त्या पानाचा रंग त्या डावाचा हुकूम (बाकीच्या रंगांना मारणारा रंग) होतो. चार दश्शा म्हणजे चार मेंढ्या. त्या ज्यांनी जास्त ओढल्या ते जिंकले. कट्ट्यावर हुकूम फुटायला पाचवा-सहावा हात उजाडतो. तोवर कोणाकडे काय आहे हे आजोबांना पाठ झालेलं असतं.

आता भांडणाचं मूळ. माझी विशाखाआत्या चंद्रावर असते. चंद्रवसाहत आणि मी एकाच वयाच्या, बारा वर्षांच्या. आत्या तिथे आकाशातून येणारे किरण मोजते. आजोबा आणि ती एकमेकांशी फार बोलतात असं नाही. "जेवलीस का?" "हो." "बरं." एवढ्यावर त्यांचं बोलणं संपायचं. म्हणून आत्याने 'गगनकट्टा' तयार केला. इकडे मी आणि आजोबा, तिकडे आत्या आणि तिची मैत्रीण, मध्ये पडदा, आणि पानं वाटायला आत्याने लिहिलेला वाटप्या (पानं पिसून वाटणारी संगणकाची आज्ञावली). पत्ते हातात आले की बापलेक तासन् तास बोलायचे.

पण त्या वाटप्याच्या डावात दुसऱ्याच हाताला हुकूम फुटायचा! आजोबा हरले. पुन्हा हरले. चौदापैकी अकरा डाव हरल्यावर त्यांनी पडदा बंद केला आणि म्हणाले, "सख्ख्या पोरीनं बापाला फसवलं. आता बोलायचं नाही तिच्याशी."

आणि ते खरंच बोलले नाहीत. दोन रविवार तिचे फोन वाजून वाजून बंद पडले. मला आत्याचा इतका राग आला की मी गगनकट्ट्याच्या पंचमंडळाला (तिथली भांडणं सोडवणाऱ्यांना) तक्रार लिहिली. कॉलनीतले आणखीही लोक तिथे चंद्रावरच्यांशी खेळायचे आणि हरायचे, त्यामुळे एका संध्याकाळी बेचाळीस सह्या मिळाल्या. त्रेचाळिसावी आजोबांची. सगळ्यांत वरची माझी. शेवटचं वाक्य होतं, 'हे पत्ते वाटणे नसून दिवसाढवळ्या दरोडा आहे.' मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मंगळवारी शाळेतून आले तर पडद्यावर आत्या. चेहरा लालबुंद.

"पहिली सही तुझी?"

"हो! माझीच!"

चंद्रावर आवाज पोहोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी सव्वा. त्यामुळे आत्याशी भांडताना मध्येच तोडून बोलता येत नाही, आणि हा मोठाच अन्याय आहे.

"केतकी, रविवारी मी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला चाललेय. एका वर्षासाठी. तिथे रेडिओ दुर्बीण आहे (आकाशातल्या अगदी क्षीण रेडिओलहरी ऐकणारी दुर्बीण). तिच्या कानाशी कोणी गोंगाट करायचा नाही म्हणून फोन बंद, पडदा बंद. महिन्यातून एकदा पत्रांची पेटी येईल-जाईल, तेवढंच. अण्णा बोलले नाहीत तर मी वर्षभर हेच घेऊन बसणार, की बाप मला चोर समजतो."

मला गलबलून आलं, पण मी ते दाखवलं नाही. म्हटलं, "मग खरं सांग, पानं लावतेस का?"

अडीच सेकंदांनी उत्तर आलं.

"माझ्या सांगण्यावर कशाला जातेस? मोज. गगनकट्ट्यावर झालेले डाव साठवलेले असतात. आपल्या कॉलनीचे शेवटचे पन्नास काढ. कोणाकडे तरी एखादा रंग अजिबात आला नाही, असं किती डावांत झालं ते बघ. मग कट्ट्यावर बसून पन्नास डाव मोज. चिडायचं तर चीड, पण वहीत लिहून चीड."

मी मोजलं. शाळा सुटल्यावर तीन दिवस कट्ट्यावर वही घेऊन बसले. आजोबांविरुद्ध खेळणारे बऱ्हाटेकाका म्हणाले, "पोरगी जनगणना करून राहिली का काय!" शुक्रवारी दोन्ही आकडे माझ्या हातात होते. कट्ट्यावर पन्नास डावांत एकदाच तसं झालं होतं. वाटप्याच्या पन्नासांत दहा वेळा.

एक आणि दहा! चोर मुद्देमालासकट सापडला होता. मी आत्याला फोन लावला आणि वही पडद्यासमोर धरली.

"बघ! आता काय म्हणशील?"

मला वाटलं ती रडेल. ती चक्क हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दोन गड्ड्या वेगळ्या वागतात हे तू छान सिद्ध केलंस. पण त्यांतली खोटी कोणती, हे कुठे सिद्ध झालं?"

"वाटप्याची! कट्ट्यावर माणसं वाटतात, ती कशाला फसवतील?"

"माणसं फसवत नाहीत. पण कट्ट्यावर हात झाला की ती चार पानं कशी उचलतात?"

"एकावर एक. चारही एकत्र."

"कोणत्या रंगाची असतात?"

"एकाच. जो उतरला त्याच..." मी थांबले.

"आणि अण्णा पिसतात कसे?"

मला डोळ्यांपुढे दिसत होतं. आजोबा गड्डी तळहातावर धरतात, खालून मूठभर पानं काढून वर ठेवतात. एकदा, दोनदा, तीनदा. झालं पिसून! गठ्ठे इकडचे तिकडे होतात, पण गठ्ठ्याच्या आत पानं जिथल्या तिथे राहतात. चार बदाम शेजारी-शेजारी असतात ते तसेच. मग वाटणी एकेक पानाची. पहिला बदाम आजोबांना, दुसरा बऱ्हाटेकाकांना, तिसरा आणि चौथा पुढच्या दोघांना.

"चौघांना एकेक," मी हळूच म्हणाले. "प्रत्येक वेळी चौघांना एकेकच जातो."

"म्हणून प्रत्येकाला प्रत्येक रंग सारखा मिळतो. ही पिसलेली गड्डी नाही, केतकी. तिला आधीचा डाव अजून आठवतो."

मग तिने वाटप्याचं काम समजावलं. अवकाशातून वैश्विक किरण (फार वेगाने येणारे सूक्ष्म कण) सतत येत असतात. चंद्रावर हवेचं पांघरूण नाही, त्यामुळे ते थेट तिच्या यंत्रावर आदळतात. एक कण आल्यावर दुसरा किती वेळाने येईल, हे कोणालाही आधी सांगता येत नाही. तिलाही नाही. त्या अंतरांवरून वाटप्या पानांची जागा ठरवतो. अशा वाटणीला यादृच्छिक (पुढे काय येणार हे आधीच्यावरून ओळखता येत नाही अशी) वाटणी म्हणतात. आणि गणित सांगतं की यादृच्छिक वाटणीत पन्नासांपैकी साधारण नऊ डावांत कोणाला तरी एखादा रंग येतच नाही.

"म्हणजे दहा हे बरोबर? आणि एक हे..."

"विश्वास ठेवू नकोस. गड्डीचे दोन भाग कर, पानं फरफर एकमेकांत घुसव. असं सात वेळा. मग वाट. पन्नास डाव."

मी शुक्रवारचा खेळ बुडवला, शनिवारची सकाळ बुडवली. बोटांना फोड आले. पन्नास डावांत आठ वेळा निघालं. माझ्याच हाताने, माझ्याच घरात, वाटप्याशिवाय. मला कोणावर चिडावं तेच कळेना, म्हणून मी गड्डीवर चिडले.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली, ती तर फारच झोंबली. वाटप्याच्या त्या दहा वेळांपैकी सहा वेळा रंग नव्हता तो आमच्याच कॉलनीच्या बाजूला. म्हणजे हुकूम ठरवायची संधी त्यांच्यापेक्षा आम्हालाच जास्त मिळाली होती. आजोबांनी आणि बाकीच्यांनी ती घेतली नाही, कारण इतक्या लवकर हुकूम फोडायचा असतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

शनिवारी दुपारी मी हे सगळं आजोबांना सांगितलं. त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुझी आत्या तिकडून शिकवते आणि तू इकडे पोपटासारखी बोलते! मला पत्ते शिकवून राहिली का तू?"

"नका शिकू माझ्याकडून! पण आज कट्ट्यावर गड्डी तुम्ही पिसा. मी सांगते तशी. सात वेळा."

"पिसतो! घाबरतो का मी?"

त्यांनी पिसलं, रागारागाने. पानं खाली पडली, ती उचलून पुन्हा घुसवली. सातही वेळा मी मोठ्याने मोजलं. त्यांनीच वाटलं. पहिला डाव नेहमीसारखा गेला, दुसराही. तिसऱ्या डावात आजोबांनी किलवर एक्का उतरवला; राजा, राणी, गुलामही त्यांच्याच हातात होते, म्हणून मग ऐटीत दश्शी टाकली आणि बऱ्हाटेकाकांनी शांतपणे तिच्यावर चौकट दुर्री ठेवली. दुसऱ्याच हाताला हुकूम. मेंढी गेली.

आजोबा ताडकन उठले. "हा तर विशाखाचा चोरटा डाव!"

"आजोबा," मी म्हणाले, "गड्डी तुम्हीच पिसलीत."

आजोबा पानांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं होतं की मी जिंकले की मला मजा येईल. अजिबात आली नाही. ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिथूनच म्हणाले, "मग चाळीस वर्षं मी खेळाडू होतो, का नुसता वाईट पिसणारा?"

मी तक्रारीचा सह्यांचा मूळ कागद घेतला आणि घरोघर गेले. बेचाळीस घरी तेच समजावलं. काही जणांनी सही खोडली. काही म्हणाले, यंत्र ते यंत्रच, आमची सही राहू दे. मी त्यांच्याशीही भांडले. माझी सही मी सगळ्यांत आधी खोडली होती. आजोबांपुढे कागद ठेवला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

रविवारी सकाळी अकराला आत्याची गाडी निघणार होती. पावणेअकराला तिचा फोन आला. वाजत राहिला. मी उचलणार, तेवढ्यात आजोबा बाहेर आले, पडद्यासमोर बसले आणि त्यांनीच बटण दाबलं.

"अण्णा," आत्या म्हणाली. तिचा आवाज ओला होता.

"रडू नको. मी माफी मागायला आलेलो नाही." मग खिशातून कागद काढून त्यांनी पडद्यासमोर धरला. त्यांची सही आडव्या रेघेने खोडलेली होती. रेघ इतकी जोरात ओढलेली की कागद फाटला होता. "चोर नाहीस तू. पण मला एक सांग. इतकी वर्षं मी जिंकलो, ते खोटं का?"

अडीच सेकंद. मला ते कधी नव्हे इतके लांब वाटले.

"नाही अण्णा. समोर जशी पानं होती तशी तुम्ही वाचलीत, आणि तुमच्याइतकी कोणीच वाचली नाहीत. आता पानं बदलली. वाचायला पुन्हा शिकायचं, एवढंच."

"या वयात?"

"तुम्ही चौऱ्याहत्तरचे. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी दुर्बिणीचं काम शिकायला चाललेय. बघू कोण आधी शिकतं."

आजोबा खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी जे केलं ते मी त्यांना आयुष्यात कधी करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी आपल्या मुलीला विचारलं. "समज, मला पहिल्यापासूनच इस्पिक नाही. तर हुकूम लगेच फोडायचा, का दश्शी येईपर्यंत थांबायचं?"

आत्याचा चेहरा उजळला. ती भरभर बोलायला लागली. भिडूकडे काय असेल, पलीकडच्यांनी आधी काय टाकलंय, कोणत्या रंगाची पानं आपल्याकडे जास्त आहेत. आजोबा बोटांवर मोजत ऐकत होते. तिच्यामागे कोणीतरी तिला हाका मारत होतं.

"...आणि अण्णा, सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जर शेवटचा हात तुमचा असेल, तर कधीही..."

पडदा काळा झाला.

"कधीही काय?" आजोबा ओरडले. "अगं, कधीही काय? अर्धंच सांगून गेली कार्टी!"

ते पाच मिनिटं त्या काळ्या पडद्यावर चिडत होते. मग त्यांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली, कोरं पान काढलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विशाखास पत्र. डाव पहिला.'