मुडद्याच्या खिशातला कोळसा

“खुनी बांधून ठेवलाय साहेब. तुम्ही आता फक्त कागद करायचे.”

फौजदार परशराम गुंजीकर मोटारीतून उतरतायत तोवरच हवालदार शामूने ही बातमी दिली. आवाजात घरचं लग्न ठरल्याचा आनंद होता. फौजदारांनी अंगावरची धूळ झटकली आणि प्यायला पाणी मागितलं. चावडीभोवती निम्मं गाव जमलेलं, पण पाण्याचा तांब्या काही पुढे आला नाही.

निपाणीच्या वाटेवरचं हे चिंचकेरी गाव त्या साली नुसतं धुमसत होतं. म्युनिसिपालिटीने तळ्याकाठची झोपड्या-वखारींची सगळी दाटी हटवून तिथे सार्वजनिक बाग करायचं ठरवलं होतं. फिरायला रस्ता, बसायला बाक, पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या आणि बागेच्या कडेने नव्या दुकानांची ओळ. नकाशा काढायला बेळगावहून आनंद हुद्दार नावाचा तरुण ओव्हरसियर आला होता. ज्याची झोपडी जाणार तो त्याला शिव्या देई, ज्याची वखार जाणार तो त्याच्या अंगावर जाई. आज सकाळी तो दक्षिण काठाच्या लव्हाळ्यात, उथळ पाण्यात पालथा पडलेला सापडला होता.

फौजदारांनी प्रेत पाहिलं. घाव डोक्याच्या मागच्या बाजूला होता. गळ्यात काळ्या दोरीने चष्मा अडकवलेला, त्यातल्या एका काचेचा कोपरा उडालेला. कोटाच्या खिशात ओला रुमाल निघाला आणि रुमालात गाठ मारून ठेवलेला कोळशाचा एक खडा.

“हाच पुरावा,” शामू म्हणाला. “कोळसा कुणाकडं? परटाकडं. इस्त्रीत. झटापटीत आला असणार खिशात.”

“झटापटीत आला आणि रुमालात गाठ मारून बसला?”

फौजदारांनी खडा नखाने खरवडला. त्याच्या भेगाभेगांत तांबडा मुरूम घट्ट बसला होता.

भरमू परीट चावडीच्या खांबाला बांधलेला होता. ओठ फुटलेला, उजव्या हाताची बोटं सुजून एकमेकांना चिकटलेली. शामूने आपली चौकशी साहेब यायच्या आधीच उरकली होती. फौजदारांनी स्वतःच्या हाताने दोर सोडला.

“ओव्हरसियरला तू काय म्हणालतास?”

“तळ्यात बुडवीन म्हनलो.”

“कशापायी?”

“माझा घाट मोडनार म्हनलं त्येनं. बाग होनार, मान्सं हवा खायला येनार, मग धुनं कुठं बडवायचं? आजापास्नं तिथं धुतोय आमी.”

“बुडवलास?”

“न्हाय.”

“काल तिन्हीसांजेला कुठं होतास?”

“भट्टी लावून बसलोतो घाटावर. कोन बगितलं, इचारू नका. परटाला कोन बगतंय?”

बाहेर त्याची बायको नागुबाई उभी होती. फौजदार तिच्यापाशी गेले तशी तिने तोंड फिरवलं.

“तुमच्या इस्त्रीतला कोळसा दाखीव मला.”

“दावते की. तोबी बांधून घाला न्हवऱ्याशेजारी.”

इस्त्रीतला कोळसा हलका होता, बोटात धरताच त्याचा चुरा झाला. त्याला राख होती, मुरूम नव्हता. फौजदारांनी तो परत दिला. नागुबाईने तो त्यांच्यासमोरच जमिनीवर टाकला.

“उद्या सकाळच्या मोटारीनं त्येला बेळगावला न्हेनार म्हनत्यात. एकदा का तिकडं गेला की फाशीच. खरं हाय न्हवं?”

फौजदारांना खोटं बोलता आलं नाही. वरून तारच आली होती, आरोपी उद्या हजर करा म्हणून. बागेच्या कामात सरकारला खोळंबा नको होता आणि एका परटावाचून कुणाचं काही अडणारही नव्हतं.

तळ्याच्या उत्तरेला आण्णाप्पाची तंबाखूची वखार होती. बागेला सगळ्यात मोठा विरोध याचाच. हा वखारीच्या दारात पाय पसरून बसला होता, फौजदारांना पाहूनही उठला नाही.

“ओव्हरसियरची मोजणीची साखळी तुम्हीच तोडलीत?”

“तोडली. पुन्ना आला असता तर पुन्ना तोडली असती.”

“आणि माणूस?”

“साखळी तोडली, मानूस न्हाय. त्यो पोरगा वाईट नव्हता. वाईट ती बाग. वकीलसायबानं जमीन दान दिली म्हनून गाव नाचतंय. दान त्येचं आनि वखार माजी जानार! ह्यो कुठला न्याय?”

“काल हुद्दार दिसला होता?”

“दिसला की. सांच्याला दक्षिनेच्या टेकाडावर. गुडघ्यावर बसून कायतरी उकरत होता. मला वाटलं, येडं झालं.”

फौजदार दक्षिण काठाकडे निघाले. सोबत गावचा पाटील रवळू होता. त्यालाही हे काम नकोच होतं, वाटभर तो पायाखालचे खडे उडवत चालला होता.

हाच काठ गोपाळराव वकिलांनी बागेला दिला होता. वर तांबड्या मुरुमाचं टेकाड, तिथून उतार खाली पाण्यापर्यंत. उताराच्या तळाशी, तळ्याच्या काळ्याभोर गाळात हद्दीचा दगड उभा होता. त्याला चुना फासलेला, अगदी ताजा. त्या दगडापासून वरचं सगळं वकिलांचं, खालचं गावाचं. वर टेकाडावर मात्र एका जागी मुरूम नुकताच खालीवर होऊन पुन्हा दाबल्यासारखा दिसत होता. फौजदारांनी तिथे टाच दाबून पाहिली.

“पाटील, एक पहार आणा. आणि तोंड बंद ठेवा.”

दोघं चावडीवर परतले तेव्हा गाव जेवून लवंडलं होतं. फौजदारांच्या नखांत काळा गाळ होता. रवळूचा चेहरा उतरला होता, आणि त्यानंतर साहेबांनी त्याला चावडीच्या बाहेर पाऊल टाकू दिलं नाही.

गोपाळराव वकिलांच्या बैठकीत बागेचा रंगीत नकाशा भिंतीवर लावला होता. दक्षिण काठावर सुबक अक्षरांत त्यांच्या वडिलांचं नाव. वकिलांनी चहा मागवला. त्या गावात फौजदारांना मिळालेलं ते पहिलं पेय.

“बिचारा हुद्दार,” वकील म्हणाले. “हुशार मुलगा. पण फौजदार, तुम्ही अजून काय शोधताय? परीट सापडला, कोळसा सापडला.”

“दानाच्या बदल्यात बागेच्या कडेची नवी दुकानं तुमची होणार, असं ऐकलं.”

वकिलांचा कप मध्येच थांबला. “कायदेशीर करार आहे. जमीन मी देतो, गावानं दुकानांची ओळ मला द्यावी. तुमचा त्याच्याशी संबंध?”

“काही नाही. हुद्दार काल संध्याकाळी इकडे आला होता?”

“नाही. आणि आता तुम्ही मर्यादा सोडताय. तुमच्या वरच्यांशी माझी ओळख आहे.”

“सगळ्यांचीच असते,” फौजदार उठले. “एक काम राहिलंय. उद्या सकाळी मोटार सुटायच्या आत पंचांसमोर हद्दीचा दगड उकरायचा आहे. तुम्ही आलात तर बरं. आत्तापर्यंत फक्त तुम्हालाच सांगितलंय, मालक म्हणून.”

“उकरा की,” वकील थंडपणे म्हणाले. “असल्या अडाणी समजुतींवर सरकारी नोकर विश्वास ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं.”

सकाळी दक्षिण काठावर सगळं गाव लोटलं. कुणी बाग पाहिजे म्हणत होतं, कुणी नको म्हणत होतं, पण शिव्या सगळे फौजदारांनाच देत होते. भरमूला दोघा शिपायांनी धरून आणलं होतं. नागुबाई त्याच्या शेजारी उभी राहिली, शिपायाने ढकललं तरी हलली नाही.

“दगड काढा.”

पहारी लागल्या. दगड आडवा झाला. खालच्या काळ्या गाळात कोळसा होता, चांगला ओंजळभर. गर्दीतून हुंकार उठला.

“झालं समाधान?” गोपाळराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आता तो परीट घेऊन चालते व्हा.”

फौजदारांनी कोळसा स्वतःच्या हाताने एका पांढऱ्या धोतरावर काढून घेतला. मग ते उभे राहिले.

“मी गुंजीचा. शेतकऱ्याच्या पोटचा. आमच्याकडे शिवेचा दगड नुसता रोवत नाहीत. पाच माणसं बोलावतात, खड्ड्यात कोळसा पुरतात, मग वर दगड. पाऊसपाण्यानं सगळं कुजतं, कोळसा कुजत नाही. दगड कुणी हलवला तरी कोळसा मूळ जागी राहतो आणि साक्ष देतो. इथंही तीच रीत. होय का नाही, पाटील?”

“व्हय,” रवळू म्हणाला.

“हुद्दारच्या खिशात कोळसा सापडला. हवालदाराला तो इस्त्रीतला वाटला. पण इस्त्रीतल्या कोळशाला राख असते, याच्या भेगांत मुरूम होता. म्हणजे तो टेकाडावरच्या तांबड्या जमिनीतून निघालेला. हुद्दारला नकाशा आणि जमीन जुळेना, म्हणून त्यानं टेकाडावर उकरून पाहिलं. आण्णाप्पांनी त्याला उकरताना पाहिलं. तिथं त्याला शिवेचा कोळसा मिळाला, पुरावा म्हणून एक खडा त्यानं रुमालात बांधला. खरी हद्द वर टेकाडावर आहे. मधला सगळा उतार तळ्याचा, म्हणजे गावाचा. वकिलांनी दगड खाली सरकवून तुमचीच जमीन तुम्हाला दान दिली आणि बदल्यात दुकानं घेतली.”

एकदम गलका झाला.

“खोटं!” वकील ओरडले. “कोळसा इथं सापडलाय, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत!”

“तेच तर. काल दुपारी मी आणि पाटलांनी हाच दगड उकरला होता. पाटील, खाली काय होतं?”

“कायबी न्हवतं. निव्वळ गाळ.”

“पाटलांना मी सकाळपर्यंत चावडीवरून हलू दिलं नाही. आज उकरणार हे बाहेर एकट्या वकिलांना माहीत होतं. मग हा कोळसा आला कुठून?”

गोपाळरावांनी धोतरावरच्या कोळशाकडे पाहिलं. पण ते वकील होते. “ठीक आहे. मी ठेवला. भलतीच शंका नको म्हणून नोकराकडून चार कोळसे ठेवले. त्यानं खून सिद्ध होत नाही.”

“चुलीतला ठेवला असतात तर सिद्ध झाला नसता.” फौजदारांनी धोतर पुढे धरलं. “पण ताजा कोळसा ओळखू येईल, अशी तुम्हाला भीती. म्हणून जुना शोधलात. जुना तुमच्याकडे होताच. बघा, गाळ पुसला की आत तांबडा मुरूम. हा टेकाडावरचाच. हुद्दारला मारल्यावर खड्डा बुजवताना तुम्ही गोळा करून घरी नेलेला. घरी का ठेवलात हो? चुलीत का नाही घातलात? तळ्यात का नाही फेकलात?”

उत्तर गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईने दिलं.

“शिवंचा कोळसा जाळला तर वंश बुडतो.”

“अडाणी समजूत,” फौजदार म्हणाले. “इंग्रजी शिकलेल्या माणसाचीही हिंमत झाली नाही. जिथला तिथं, दगडाखाली गेला म्हणजे पाप फिटलं, असं वाटलं असेल. पण तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात गोळा करताना कोळशाबरोबर आणखी काहीतरी टोपलीत आलं.”

त्यांनी चिमटीने कोळशातून काचेचा एक कोपरा उचलला. मग खिशातून हुद्दारचा चष्मा काढला आणि तो कोपरा रिकाम्या जागी लावला. तो बरोबर बसला.

“मागून घाव बसला तेव्हा तो त्या खड्ड्यावर वाकलेला होता. पडला, चष्मा फुटला. मग तुम्ही त्याला उतारावरून ओढत पाण्यात नेलंत.”

“तो मलाच आधी सांगायला आला,” गोपाळराव पुटपुटले. “म्हणाला, चूक झाली असेल, तुम्हीच म्युनिसिपालिटीला कळवा, तुमचा मान राहील. मला खड्डा दाखवायला घेऊन गेला. मी… नको म्हणालो. तो ऐकेना.”

एवढा भला पोरगा याच्या वाट्याला आला आणि त्याने त्याचं हे केलं! फौजदारांना त्या माणसाची इतकी किळस आली, की बेड्या त्यांनी शामूकरवी घातल्या.

लोकांनी वकिलांवर चिखल फेकला. कालपर्यंत याच लोकांनी भरमूवर फेकला होता.

दगड त्याच दिवशी पंचांसमोर टेकाडावर नेला. वकिलांना द्यायची दुकानांची ओळ रद्द होऊन तेवढी जागा सुटल्यावर बागेसाठी परटाचा घाट मोडायची गरज उरली नव्हती. पंचांनी तसं तिथल्या तिथं कबूल केलं. फौजदारांनी ते नागुबाईला सांगितलं. ती हसली नाही.

खड्डा तयार झाला, पण जुना कोळसा मुद्देमाल म्हणून बेळगावला जायचा होता. पाटील घुटमळला. कोळसा कुणाच्या घरचा घालायचा, यावरूनही पंचांत जुंपायची चिन्हं दिसू लागली.

नागुबाई घाटाकडे गेली आणि इस्त्री घेऊन परत आली. तिने झाकण उघडलं आणि सगळा कोळसा खड्ड्यात ओतला.

“ह्येच्यापायी त्येची बोटं मोडलासा,” ती फौजदारांकडे बघत म्हणाली. “आता त्यो हात इस्त्री धरनार न्हाय. ऱ्हाऊ द्या कोळसा हितंच, गावाची साक्ष म्हनून.”

फौजदारांनी टोपी काढली. वर दगड बसला.