आवाज नसताना

गोळ्या शुक्रवारी संपतील, मॅडम. चिठ्ठी नवीन करून घ्यायला आले, असं बाहेर तुमच्या नर्सला सांगितलंय. पण आज पाच मिनिटं जास्त घेते. चार महिने झाले तुमच्याकडे येतेय, आणि झोप लागत नाही, रडू आवरत नाही, एवढंच सांगत आले. पुढचं सांगायला जीभच रेटली नाही.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. कानाच्या दवाखान्यात ऐकू येतं की नाही ते तपासते, एकोणीस वर्षं झाली. कपाटापेक्षा जराशी मोठी अशी एक आवाजबंद खोली असते. पेशंट आत बसतो, हेडफोन लावतो, हातात बटण धरतो. मी बाहेर मशीनपाशी, मधे काच. मी बारीक सूर सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, मग माझ्या मशीनवर हिरवा दिवा लागतो. काही जण घाबरून सूर नसतानाही दाबतात. ते आम्ही धरत नाही. माइकवरून सांगायचं, आवाज आला तरच दाबा, आणि पुढे जायचं. कागदावर त्यासाठी रकानाच नाही.

माझा धाकटा भाऊ, छोट्या. चौतीस वर्षांचा घोडा झाला तरी घरात छोट्याच. कारखान्यात लेथवर होता. गेल्या वर्षी एका दुपारी तो दवाखान्यात आला, इस्त्रीचा शर्ट घालून, नोकरीच्या मुलाखतीला यावं तसा.

"ताई, माझे कान बघतेस?"

"काय झालं त्यांना? आईने काम सांगितलं की तेवढे बंद पडतात, ते ठाऊक आहे मला."

तो हसला नाही. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "कुणीतरी बाई रडते. रोज. आधी हुंदके देते… मग नाक ओढते… मग म्हणते, चला, पुरे. आणि थांबते."

"शेजारची असेल."

"कारखान्यात पण ऐकू येतं गं. मशीन चालू असताना."

"आवाज ओळखीचा आहे का?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि कानाची पाळी ओढली. लहानपणापासून थाप मारताना ओढायचा. "नाही," म्हणाला.

आता असं कुणी तुमच्याकडे आलं असतं, तर तुम्ही त्याला बसवलं असतं, पाणी दिलं असतं, विचारलं असतं. मी काय केलं? मशीन चालू केलं. मला तेवढंच येतं ना. अकरा वेळा त्याने सूर नसताना बटण दाबलं. बाहेर सहा पेशंट खोळंबले होते. बाराव्या वेळी मी माइकवर खेकसले, "छोट्या, आवाज आला तरच दाब. खेळ चाललाय का?" काचेतून त्याचा चेहरा दिसत होता मला. त्यानंतर त्याने एकदाही चुकीचं दाबलं नाही.

कान ठणठणीत निघाले. मी तसं लिहिलं, सही ठोकली आणि वर म्हटलं, "कानात काही नाही, डोक्यात भुसा भरलाय तुझ्या." त्याने कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. बारा दिवसांनी तो गेला, मॅडम. आपणहून गेला. तो कागद त्या शर्टाच्या खिशातच सापडला.

पंधरा दिवसांनी मी कामावर आले. सगळे म्हणाले, कामात मन रमव. घरी रडायची सोय नव्हती. आई अंथरुणाला खिळलेली, नवरा बावरलेला, आणि सहा वर्षांची पोर माझ्या तोंडाकडे बघून आपण जेवायचं की नाही ते ठरवायची. मग मला एक जागा सापडली. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी आम्ही स्वतः आत बसून हेडफोन लावून बघतो, वायर खरखरते का, दोन्ही बाजू चालतात का. दोन मिनिटांचं काम. मी वीस मिनिटं बसायला लागले. ते जाड दार लावलं की आतलं काही बाहेर जात नाही. तिथे पोटभर रडायचे, तोंड धुवायचे आणि पहिला नंबर पुकारायचे.

नवव्या-दहाव्या दिवशी रडता रडता मान वर केली, तर काचेपलीकडे मशीनवरचा दिवा लागला होता. बटण माझ्या समोर हुकाला लटकत होतं. दिवा विझला. मला परत हुंदका आला… दिवा लागला. मी श्वास रोखला… विझला. त्या खोलीला नेहमी स्पिरिटचा वास असतो. त्या दिवशी त्यात मशीनच्या तेलाचा वास होता, कितीही साबण लावला तरी छोट्याच्या हातांना राहायचा तो.

मी मेकॅनिक बोलावला. त्याने वायर बदलली, बटण बदललं आणि जाताना मलाच शहाणपण शिकवलं, "मॅडम, चुकून हात लागत असेल तुमचा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक हुंदक्याला एकदा दिवा. शेवटी मी डोळे पुसले, नाक ओढलं आणि उठता उठता सवयीने पुटपुटले, "चला… पुरे."

तेव्हा लागलेला दिवा कितीतरी वेळ विझला नाही.

मी खाली फरशीवर बसले. छोट्याला जी बाई ऐकू यायची ती मी होते, मॅडम. तो गेल्यावर जे रडले ते त्याला आधीच ऐकू आलं होतं, आणि त्याने मला ओळखलंही होतं. मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलला.

विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली. तो गेला म्हणून मी रडले, की मी रडले म्हणून तो गेला? कळेना. एवढंच कळत होतं की तो अजून ऐकतोय, आणि मी दटावलं तसं, आवाज आला तरच दाबतोय. माझं रडणं थांबलं तर त्याची सुटका होईल. पण रडू म्हणजे काय नळ आहे, फिरवला की बंद? आमच्या मोठ्या डॉक्टरांना जाऊन म्हटलं, मला आवरत नाही. त्यांनी काही न विचारता तुमच्या नावाची चिठ्ठी दिली.

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. गोळ्या घेतल्या, सकाळी चालायला गेले, तुम्ही दिलेल्या वहीत लिहिलं. जीव नको नको व्हायचा तरी केलं, त्याच्यासाठी केलं. दिवा कमी कमी लागायला लागला. गेल्या महिन्यात एका सकाळी आत बसले आणि रडूच आलं नाही. वीस मिनिटं काचेतून बघत राहिले. दिवा लागला नाही, तेलाचा वासही आला नाही. तुम्ही त्याच आठवड्यात म्हणालात, चेहरा बरा दिसतोय. बरा असेलही. पण मला फार पोरकं वाटलं. मी बरी झाले आणि माझा छोट्या खरोखर गेला.

एवढ्यावर संपलं असतं तर तुमचा वेळ घेतला नसता. हे मंगळवारपासूनचं आहे. सकाळी हेडफोन लावले, मशीन अजून चालू केलं नव्हतं, आणि कुणीतरी रडायला लागलं. आधी वाटलं मीच. गालाला हात लावला, कोरडा होता. हेडफोन काढून ठेवले तरी थांबेना. रस्त्यात येतं, भाजी चिरताना येतं. लहान मुलीचा आवाज आहे. मधेच म्हणते, "आई, सांग ना…" आणि तिचा 'स' शीळ घालतो. माझ्या मुलीचे पुढचे दोन दात गेल्या महिन्यात पडले, तिचा तसाच होतो. तीन-चार महिन्यांत नवे दात येतील, मग होणार नाही. म्हणजे जे काही होणार आहे ते त्याच्या आतच. काल ती माझ्या शेजारी बसून चित्र रंगवत होती, खुशीत गुणगुणत, आणि त्याच वेळी कानात तीच रडत होती.

छोट्याने माझ्यापासून लपवलं. मला कुणापासून लपवायचं नाही. तुम्ही दर वेळी विचारता, जगणं नकोसं वाटतं का, आणि मी दर वेळी नाही म्हणते. वाटतं, मॅडम. कधी कधी वाटतं. पण मला जायचं नाहीये. माझी पोर अजून रडलेली नाही, आणि तिच्यावर ती वेळ मला येऊ द्यायची नाही. गोळ्या वाढवा, भरती करा, घरच्यांना बोलवा, म्हणाल ते करते. फक्त आज मला एकटीला घरी पाठवू नका.

लिहायच्या का थांबलात?

मॅडम… दाराकडे काय बघताय? कुणाची पोर रडतेय म्हणून विचारताय? मुलीला मी आणलेलं नाही. ती शाळेत आहे.