सोळा पानं

शाळेत सगळे शिट्टीसरांना घाबरत, आणि शिट्टीसर घाबरत छापील पानाला. खेळ शिकवणाऱ्या या माणसानं हे गुपित अठ्ठावीस वर्षं सांभाळलं होतं. हजेरी त्यांना तोंडपाठ असे. सूचनेचा कागद आला की चष्मा घरी राहिला म्हणून ते शेजाऱ्याकडून वाचून घेत. चष्मा त्यांना मुळात नव्हताच.

लहानपणी अक्षरं त्यांच्यासमोर एका जागी उभी राहत नसत. आकडे निमूट उभे राहत, अक्षरं मात्र पळत. तेव्हा ताईनं युक्ती काढली होती. ती ओळींमध्ये पेन्सिलीनं ठिपके देई आणि म्हणे, "ठिपका आला की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढे." हळूहळू त्यांना जमू लागलं होतं. मग एका तापात ताई गेली आणि ठिपके द्यायला कोणी उरलं नाही. सरांनी मैदान गाठलं.

त्यांची पंचाईत केली ग्रंथपाल बाईंनी. बाईंनी नववीसाठी वाचनतास सुरू केला. रोज शेवटच्या तासाला प्रत्येकानं आपलं पुस्तक वाचायचं, थांबलो तिथे कागदाची पट्टी ठेवायची, आणि दहाव्या दिवशी वर्गासमोर उभं राहून ते पुस्तक सांगायचं. देखरेखीला मोकळे होते फक्त शिट्टीसर. त्यांनीही वाचायचं आणि सांगायचं, नाहीतर मुलं कशाला मनावर घेतील, असं बाईंनी बजावलं. सरांनी हसून होकार दिला खरा, पण ते मनात म्हणाले, आता सगळ्या वर्गासमोर आपलं पितळ उघडं पडणार.

ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर होतं. लांबट खोली, उंच खिडक्या, टेबलांवर उतरतं ऊन, जुन्या खळीचा वास. पंखा एका फेरीला एकदा कट् असा वाजे. सरांनी कपाटाच्या अगदी खालच्या फळीवरचं सगळ्यात बारकं पुस्तक उचललं. हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं, आजवर कोणीच न नेलेलं. पहिल्या पानावर पट्टी ठेवून ते तासभर गंभीर चेहऱ्यानं बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोळाव्या पानावर होती.

कोणीतरी खोडी काढली असेल, म्हणून ते तिथेच उघडून बसले. तिसऱ्या दिवशी ती बत्तिसाव्यावर गेली. धावण्याच्या फेऱ्या मोजाव्यात तशी त्यांनी कोपऱ्यातल्या आकड्यांवरून पानं मोजली. सोळाच. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, असं त्यांनी बाईंना सहज विचारलं. बाईंनी गळ्यातली किल्ली दाखवली.

त्या संध्याकाळी सर पुस्तक खाली घेऊन गेले आणि खेळाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, फुटबॉलच्या जाळीमागे ठेवून त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं. सकाळी पट्टी पुन्हा सोळा पानं पुढे.

त्याच दुपारी व्हॉलीबॉलची जाळी बांधताना त्यांच्या मनात आलं, की खेचर मागच्या डाव्या पायानं लंगडतं. कुठलं खेचर? मग कळलं, पुस्तकातलं. डोंगरातून टपाल नेणाऱ्या बाईचं. त्या बाईच्या पिशवीत एक पत्र आहे आणि ते पोचवायचं धाडस तिला होत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. एक ओळसुद्धा न वाचता. सरांना उन्हात घाम फुटला, तो उन्हानं नव्हता.

रोज थोडं थोडं अधिक कळत गेलं. त्यांना भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर शेवटच्या तासाची ते वाटही पाहू लागले होते.

दहावा दिवस उजाडला.

शर्यतीत नेहमी पहिली येणारी मुलगी सरांच्या आधी उठली. चार वाक्यं तिनं कशीबशी सांगितली, मग बुटांकडे बघत म्हणाली की पोटात दुखतंय. हे पोटात दुखणं सरांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

मग सर उभे राहिले. पुस्तक टेबलावरच ठेवलं.

ते बोलू लागले. डोंगर, धुकं, खेचर, पत्र. काही शब्द झाले की ते थांबत, श्वास घेत, मग पुढे जात. कुठे थांबायचं हे ते ठरवत नव्हते.

पंखा कट् कट् करत होता.

पत्र पोचलं तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या झाल्या. सर खाली बसले.

वर्ग पांगला. आपणही हे वाचायला हवं, म्हणत बाईंनी पुस्तक उघडलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सर, हे वाचलंत कसं? याची पानं कापलेलीच नाहीत."

छापखान्यातली घडी तशीच राहिली होती. सोळा सोळा पानांचे नऊ गठ्ठे, वरून आणि बाजूनं बंद. उघडत होती ती फक्त दोन गठ्ठ्यांमधली जागा. पट्टी रोज जायची ती तिथेच.

"वाचलं नाही," सर म्हणाले. "मला वाचता येत नाही, बाई. नीट येत नाही."

अठ्ठावीस वर्षांनी ते वाक्य बाहेर पडलं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. कागद कापायची सुरी सरांपुढे ठेवून बाई खिडक्या लावायला गेल्या.

दाराशी ती धावणारी मुलगी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सर, तुम्ही मध्ये मध्ये थांबत होतात ना, त्यामुळे मला सगळं समजलं. मलाही वाचता येत नाही, अक्षरं पळतात."

"मग आपण दोघं मिळून पकडू," सर म्हणाले. "बस इथे."

त्यांनी पहिल्या गठ्ठ्याची घडी सावकाश कापली आणि दुसरं पान तिच्यापुढे धरलं.

"हे ठिपके कसले?" तिनं विचारलं.

ओळी ओळीत पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. सरांनी पहिल्या ठिपक्यावर बोट टेकवलं.

"ठिपका आला की थांबायचं," ते म्हणाले. "श्वास घ्यायचा, मग पुढे."

ती वाचू लागली. थांबली, श्वास घेतला, पुढे गेली. अक्षरं जागेवर राहिली. पान संपलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग तिनं पानांच्या सांध्यात अडकलेलं काहीतरी चिमटीत उचललं आणि सरांच्या तळहातावर ठेवलं.

पेन्सिलीला टोक करताना निघालेलं साल होतं ते. त्याला अजून ताज्या लाकडाचा वास येत होता.