दुसऱ्या भागातली नायिका

मागच्या वर्षी नायिकेचं काम माझ्या भावानं, किसननं केलं होतं. लुगडं नेसून, मिशी काढून.

पिंपरीतल्या आमच्या कंपनीच्या पोरांनी घोडेस्वार-पिस्तुलवाल्यांचा एक जुना इंग्रजी सिनेमा बघून त्याचं नाटक बसवलं होतं. ते इतकं चाललं, की चौऱ्याहत्तर सालच्या कंपनीच्या मेळाव्यासाठी स्टोअरच्या जयसिंगभाऊंनी त्याचा दुसरा भाग स्वतःच लिहिला. जुना नायक नोकरी सोडून गेलेला. त्याच्या जागी लेथवरचा भीमराज आला. आणि किसनचं लग्न ठरलेलं, तो मिशीला हात लावू देईना.

मी फक्त किसनचा डबा द्यायला कॅन्टीनमध्ये गेले होते. भीमराज टेबलावर पाय टाकून बसला होता.

"कस्तुराबाई, दोन ओळी वाचता का? नायिकाच नाही आमच्याकडं."

"वाचते. आधी पाय खाली घ्या."

त्यानं पाय खाली घेतले. पुठ्ठ्याची टोपीही काढली... ती काढायला मी सांगितलं नव्हतं.

"लोक नावं ठेवतील," घरी आई म्हणाली.

"किसन लुगडं नेसला तेव्हा कुणी ठेवली?"

तालमीत शेवट आला. नायक एकटा निघून जातो, मी दारात हात हलवत उभी.

"हा जातो कशाला?" मी विचारलं.

"नायक जातोच," जयसिंगभाऊ म्हणाले. "पहिल्या भागातही गेला होता."

"म्हणून तर दुसरा काढावा लागला."

सगळे हसले. भीमराज नाही. निघताना हळूच म्हणाला, "मला नाशिकला नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात... जायचंय."

"सांगितलं नाहीत?"

"सांगून काय — तुम्ही हात हलवला असतात."

रात्रभर ते वाक्य मला टोचत राहिलं.

मेळाव्यात घोडा म्हणजे सायकल होती, पुढे पुठ्ठ्याचं तोंड. भीमराज तिच्यावर बसला. मी दारातून निघाले आणि सरळ कॅरिअरवर जाऊन बसले.

"उतरा... लोक बघतायत," तो पुटपुटला.

"बघू द्या. नाशिक मला चालेल. पण आईला तुम्ही विचारायचं."

"कुठं बसल्यात?"

"पहिल्या रांगेत."

विंगेत जयसिंगभाऊ कपाळाला हात लावून उभे. भीमराजनं सायकल प्रेक्षकांकडे वळवली, एक पाय टेकला आणि कमरेला पिस्तूल असताना हात जोडले.

"जयभीम, मावशी. येत्या गुरुवारी सुट्टी आहे. माझ्या आईला घेऊन घरी येतो."

लोकांना तो संवाद वाटला, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत आई आम्हां दोघांकडे बघत राहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली,

"या. जेवायलाच या."