टाक्याखालचं पिवळं कापड

पहिल्याच दिवशी मी ताईचं जॅकेट माझ्या शाळेच्या स्कर्टला शिवून टाकलं.

हसू नका. भरतकाम शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी होतंच, असं आमच्या हस्तकलेच्या बाई सांगतात. कापड मांडीवर घ्यायचं, लाकडी रिंग घट्ट बसवायची, जीभ दाताखाली धरून टाके घालत राहायचं आणि मोठ्या अभिमानाने उठायला जावं तर मांडीवरचा स्कर्टही सोबत वर येतो. मी तशीच, पोटाशी जॅकेट लोंबकळत, स्वयंपाकघरात गेले. आई हसता हसता ओट्याला टेकली.

"निदान पक्कं तरी बसलंय," ती म्हणाली.

तेवढ्यात बाबा जेवायला वर आले. घराखालीच त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर भिंगं घासून त्यांना सगळं जग जवळून बघायची खोड लागलीय. त्यांनी आधी मला पाहिलं आणि हसले. मग जॅकेट पाहिलं.

"हे कशाला काढलंस?"

"घालायला."

"ज्याचं त्याला राहू दे," म्हणाले आणि पानावर बसले.

ज्याचं त्याला, म्हणजे ताईला. तिचं नाव बाबा घेत नाहीत. तिला मोठे ट्रक चालवायचे होते. बाबा म्हणाले, ट्रक चालवायला जायचं असेल तर या दारात परत यायचं नाही. दोघंही शब्दाची पक्की, म्हणजे मराठीत सांगायचं तर दोघंही हेकट. ताई गेली, फोनचा नंबरही बदलला आणि आमचं घर एकदम शांत झालं. मला ती शांतता सोसत नव्हती. मला ताई परत हवी होती, भांडणांसकट.

आणि मी हल्ली धीट झालेय. यंदा वादविवाद स्पर्धेत सगळ्या शाळेसमोर बोलले, केस कानापर्यंत कापून आले, गणिताच्या सरांना फळ्यावरची चूक दाखवली (नम्रपणे, पण दाखवली). तेव्हा ठरवलं, हे जॅकेट कपाटात कुजणार नाही. कमरेशी पांढऱ्या रंगाचा एक वाळलेला डाग होता, त्यावर केशरी फुलं भरायची आणि दिमाखात घालायचं. कधीतरी ताई येऊन "माझं जॅकेट ढापलंस?" म्हणून भांडली तर सोन्याहून पिवळं.

स्कर्टच्या प्रकारानंतर मी शहाणी झाले. मांडीवर चहाचा लाकडी ट्रे ठेवायचा, त्यावर रिंग. आता सुई खाली गेली तरी फार तर लाकडाला टोचणार. खिडकीशी बसून मी उलटी टीप घालायला लागले. एक पाऊल पुढे, अर्धं मागे, असा तो टाका असतो.

पहिल्या पाकळीच्या मध्यावर सुई जड झाली.

बाई म्हणतात, एक थर आणि दोन थर यांतला फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो. मला तो कळला. सुई डेनिममधून गेली आणि मग आणखी कशातून तरी गेली, मऊ, पातळ अशा. मी रिंग उचलली. खाली नुसता ट्रे. जॅकेटची मागची बाजू तपासली. ती मात्र इतकी स्वच्छ होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. नवशिक्याच्या मागच्या बाजूला गाठी, लोंबते दोरे, आडवेतिडवे उड्या मारलेले टाके असतात. माझ्याकडे एकही गाठ नव्हती.

मी तर गाठी मारल्या होत्या. चांगल्या ढोबळ मारल्या होत्या.

एका टाक्याखाली काहीतरी पिवळं अडकलं होतं. मी टाका उसवला. नखाएवढा कापडाचा कपटा हातात आला.

"आई, आपल्याकडे पिवळं काय आहे?"

"लिंबू."

"कपड्यांत गं!"

तिने विचार केला. कपाटं उघडली, जुन्या चिंध्यांची पिशवीसुद्धा उपसली. काहीच नाही. बाबांनी कपटा चिमट्यात धरून डोळ्याला भिंग लावलं. "सुती. नवं आहे, पण उन्हात बरंच राहिलंय. एका बाजूने जास्त विटलंय." मग म्हणाले, "धुताना कुणाच्या तरी कपड्यातून आलं असेल." हे पटण्यासारखं होतं. मी पटवूनही घेतलं असतं. पण कपटा परत देण्याआधी त्यांनी तो नाकाशी नेला, आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

ते खाली गेल्यावर मीही वास घेतला. डिझेल.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा आमटीकडे बघत म्हणाले, "आज बसणार आहेस का भरायला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"सहज विचारलं."

सहज विचारणारा माणूस दुपारी दुकान बंद करून वर येत नाही. बाबा आले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, भिंग खिशात. मी उगाच घसा साफ केला आणि सुई घातली.

पुन्हा तोच दुसरा थर. मी टाका ओढून घट्ट केला. दोरा जागेवर बसला.

आणि मग खाली जायला लागला.

मी ओढत नव्हते. माझा हात तर वर होता, सुईसकट. दोरा माझ्या बोटांतून सरकत कापडात शिरत होता, सावकाश, कुणीतरी कुतूहलाने ओढून बघावा तसा. ट्रेवर रिंग, रिंगखाली लाकूड. मध्ये जागाच नव्हती कुणाला असायला.

"बाबा, हा धरा."

त्यांनी दोरा चिमटीत धरला. रोज केसाएवढे स्क्रू पकडणारी ती बोटं, त्यांतून काही निसटत नाही. तरीही दोरा हळूहळू सरकतच राहिला. मग थांबला, सैल पडला.

मी कात्री उचलली.

"कापू नकोस," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच निघाला. "तू ओढ आता. पण हळू. तिला लागेल."

तिला. किती दिवसांनी.

त्यानंतर ते आमचं रोजचंच झालं. शाळेतून आले की हातपाय धुऊन मी ट्रे घ्यायचे, बाबा समोर बसायचे. मी एकदा ओढायचे, खालून एकदा ओढलं जायचं. आई दारात उभी राहून बघायची, पण जवळ यायची नाही. सुरुवातीला ओढ अगदी पुसट होती, फार लांबच्या माणसाने हाक मारावी तशी. पुढे ती वाढत गेली. फुलं वाकडी येत होती, पानं तर पालीसारखी दिसत होती. त्याचं मला काही वाटेनासं झालं. मला टाक्याखालची ती ओढ तेवढी हवी असायची. भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीच्या आत लहान मुलासारखा आनंद उड्या मारत होता, त्याला काय करू?

एका दुपारी दोरा खाली गेलाच नाही.

तो आडवा ताणला गेला.

रिंग ट्रेवरून दाराच्या दिशेने बोटभर सरकली. थांबली. पुन्हा सरकली.

बाबा उभे राहिले.

घंटी वाजली.

दारात ताई होती. काळवंडलेली, केस धुळीने राठ, अंगात पिवळा शर्ट. कमरेजवळ तिने शर्ट मुठीत धरला होता. तिने मूठ सोडली, तेव्हा मला केशरी दोरे दिसले. गाठी. लोंबती टोकं. आडवेतिडवे उड्या मारलेले टाके. माझ्या फुलांची मागची बाजू. एकूण एक ढोबळ गाठ मी ओळखली.

"कापलं की परत येतं," ताई कुणाकडेच न बघता म्हणाली. "गाडी दुसरीकडे वळवली की इथे चिमटा बसतो. मला वाटलं, माझं डोकं फिरलं." मग तिची नजर माझ्या, म्हणजे तिच्या लाडक्या भिंगरीच्या, हातातल्या सुईवर गेली. "भिंगरे! हे तू केलंस? तरीच म्हटलं, इतकं घाणेरडं भरतकाम कोण करतंय!"

मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही.

ताई उंबऱ्याबाहेरच उभी होती. बाबा तिच्याकडे बघत होते, अगदी जवळून बघतात तसे.

"डोळे बारीक करून बघतेयस," ते म्हणाले. "नंबर वाढलाय तुझा. अशी चालवतेस होय गाडी? आत ये. जेव. मग खाली चल, तपासतो."

ताई आत आली.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात कडाक्याचं भांडण झालं. ट्रकवरून, झोपेच्या वेळांवरून, बाबांनी निवडलेल्या म्हाताऱ्या फ्रेमवरून, आणि अर्थात मी ढापलेल्या जॅकेटवरून. काय सुंदर भांडण होतं ते! मी खिडकीशी बसून एक कान तिकडे ठेवून शेवटच्या फुलाची शेवटची पाकळी भरत होते. पिवळा शर्ट समोर दोरीवर वाळत होता. त्याच्यावरचे टाके ताईने सकाळीच उसवले होते, आणि ते परत आले नव्हते.

सुई जड झाली.

मी शर्टाकडे पाहिलं. तो वाऱ्याने हलत होता, एवढंच.

रिंग उलटी केली. टाक्याखाली कपटा होता. राखाडी, जाड, लोकरीचा. ओलसर.

"ताई, तुझं राखाडी काही आहे?"

"नाही बुवा."

बाबांनी भिंग लावलं. "जुनी लोकर आहे. हातविणीची. आपल्यात नाही कुणाकडे असलं काही." मान वर करून ते म्हणाले, "पण आपल्याकडून आणखी कोण गेलंय?"

टॉवेलच्या घड्या घालणारी आई पुढे आली. तिने तो कपटा माझ्या तळहातावरून उचलला आणि अंगठ्याने चोळून पाहिला. त्याच वेळी माझ्या सुईतला दोरा खाली ओढला गेला. पुसट नाही, चांगला जोरात.

आईने बाबांकडे पाहिलं नाही.

"ही वीण माझ्या हातची आहे. तू थांबू नकोस," ती मला म्हणाली, आणि जाऊन दाराची कडी काढून आली.